दुप्पट भाडं : लेकीच्या घरच्या शाळेचा हिशोब

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही आमच्या लेकीला शाळेतून काढलं आणि सात महिने घरी शिकवलं. हे वाचून तुमच्यापैकी अनेकांच्या कपाळावर आठ्या पडतील, हे आम्हाला माहीत आहे. चळवळीतल्या एका ज्येष्ठ काकांनी तर विहारात सगळ्यांसमोर सुनावलं, "बाबासाहेबांनी शाळेचं दार उघडून दिलं आणि तुम्ही पोरीला त्या दारातून परत बाहेर आणता? उद्या कोणत्या तोंडाने शिका म्हणाल?" आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आज थोडंफार आहे, पण ते काकांना हवं तसं नाही आणि आम्हाला तेव्हा वाटलं होतं तसंही नाही.

आधी घडलं काय ते सांगतो. आम्ही उत्तर नागपुरात राहतो. आमच्यातला एक खासगी क्लासेसमध्ये गणित शिकवतो, दुसरी शहरी आरोग्य केंद्रात कंत्राटी एएनएम आहे. दोघांचे मिळून महिन्याला एकतीस हजार येतात, तेही दोन्हीकडून वेळेवर आले तर. अशा घरातून आम्ही वर्षाला ४२ हजार फी असलेल्या इंग्रजी शाळेत लेकीला घातलं होतं. का घातलं, हे आपल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही. महानगरपालिकेच्या शाळेत आपली पोरं 'आपली' म्हणूनच ओळखली जातात, तिकडे टाय लावल्यावर कोण कुणाचं ते कळणार नाही, असा आमचा भाबडा हिशोब होता.

सहावीच्या पहिल्या सत्राच्या परीक्षेत फी थकलेल्या मुलांना वेगळं काढून वाचनालयात बसवलं. आमचे ११ हजार थकले होते. पहिले दोन पेपर लेकीने दिलेच नाहीत आणि आम्हाला सांगितलंही नाही. त्याआधी एका बाईंनी वर्गात स्कॉलरशिपवाल्यांना उभं करून, तुम्हाला काय, तुम्हाला तर पुढे सगळं सोपंच आहे, असं म्हटलं होतं. तेही आम्हाला तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं. आम्हाला दिसत होतं ते फक्त सकाळचं पोटदुखणं. एएनएम आईने तीन वेळा जंताच्या गोळ्या दिल्या. जंत पोटात नव्हतेच.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला बंदी आहे. आम्ही अर्ज लिहिला, शाळेत नेऊन दिला, पोच घेतली. मग विचार केला की लढाई चालेल तशी चालेल, पण पोरीला रोज त्या वर्गात पाठवून लढायचं का? लढणार आम्ही आणि मैदान तिचं पोट? आम्ही तिला घरी ठेवलं.

घरी ठेवल्यावर सगळ्यात मोठा आक्रोश आजीने केला. आजी दुसरीतून निघालेली. धाकटा भाऊ सांभाळायला घरी राहिली ती राहिलीच. "पोरीले घरी काहून बसवलं?" एवढंच ती दिवसभर विचारायची. "चार दिवस म्हणूनच मले पण घरी ठेवलं होतं." त्या वाक्याची भीती आम्हाला सातही महिने होती. काकांच्या प्रश्नाला वाद घालता येत होता, आजीशी कसा घालणार?

आणि मग अभ्यासक्रम शोधायला बसलो. मोबाईलवर दोन दिवस शोधलं तर तिसऱ्या दिवसापासून मोबाईलच आम्हाला शोधायला लागला. जाहिराती, फोन, मेसेज. एका कंपनीचा प्रतिनिधी रविवारी घरीच आला. बोलायला गोड. तीन वर्षांचा कोर्स, टॅब्लेट सोबत, किंमत ५४ हजार. आत्ता फक्त सहा हजार भरा, बाकी महिन्याला २,४५० प्रमाणे २४ हप्ते, व्याज शून्य. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून म्हणाला, "सर, आपल्या समाजाला तर शिक्षणाचं महत्त्व सांगायला नको." आडनाव विचारून आला होता की फोटो बघून सुचलं, देव जाणे. (देव आम्ही मानत नाही, पण भाषेतून इतक्या लवकर जात नाही.)

आमच्यातला गणितवाला काही बोलायच्या आत लेक आतून वही घेऊन आली. २,४५० गुणिले २४ म्हणजे ५८,८००, त्यात सहा हजार मिळवले तर ६४,८००. तिने विचारलं, "काका, वरचे दहा हजार आठशे कशाचे?" तो म्हणाला, ते प्रोसेसिंगचे असतात बेटा. शून्य व्याजाचं प्रोसेसिंग दहा हजार आठशे! तो गेल्यावर आम्ही खूप हसलो. पण खरं सांगायचं तर ती वही घेऊन आली नसती तर आम्ही सही केली असती. पेन हातात होतं. अपराधी वाटत असलेल्या आईबापांसारखं सोपं गिऱ्हाईक दुसरं नाही, आणि आपल्या समाजात तर पिढ्यांची भूक त्या अपराधीपणाला येऊन मिळते. शिक्षणासाठी कर्ज काढलं की ते कर्ज पवित्र होतं, असं आपण धरून चालतो.

त्याला आधार म्हणून सुभेदार रामजींचं उदाहरण दिलं जातं. आम्हीही एकमेकांना दिलं. बाबासाहेबांना पुस्तक हवं असलं की रामजी लेकींकडे जायचे, पैसे नसले तर त्यांचा दागिना मागून गहाण ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे, हे चरित्रकारांनी लिहिलं आहे. पण नीट बघा. रामजींनी दागिना ठेवला तो पुस्तकासाठी, जे भीमाने मागितलं होतं आणि जे तो वाचणार हे बापाला माहीत होतं. कुणी घरी येऊन 'तुमचा मुलगा मागे पडेल' म्हणून भीती घातली आणि रामजींनी दागिना ठेवला, असं घडलेलं नाही. आणि पेन्शन आली की दागिना सुटायचा. चोवीस हप्त्यांचा टॅब्लेट सुटत नाही, चोवीस महिन्यांत तो जुना होतो.

रामजींची आणखी एक गोष्ट आपण नीट वाचत नाही. ते स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते, मुख्याध्यापक होते. परळच्या चाळीतल्या एका खोलीत ते भीमाला पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवायचे, तर्खडकरांच्या पाठमालेतून भाषांतर करून घ्यायचे. म्हणजे घरची शाळा होतीच. पण ती शाळेच्या जागी नव्हती, शाळेच्या जोडीला होती. हे आम्हाला कळायला मार्च उजाडला.

तोवर आम्ही चुका करून घेतल्या. पहिल्याच आठवड्यात २,४०० रुपयांचा गुळगुळीत कागदाचा इंग्रजी वर्कबुकांचा संच मागवला. त्यात बर्फात खेळणारी मुलं, ओक आणि मेपलची पानं, आणि पैशाच्या गणितात डॉलर. अर्ध्याहून जास्त पानं आजही कोरी आहेत. दुसरी चूक वेळापत्रकाची. दहा ते पाच, तासाला घंटा म्हणून स्टीलच्या ताटावर चमचा. नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी लेक म्हणाली, "शाळेत निदान मधल्या सुट्टीत मैत्रिणी होत्या." ताट परत मांडणीवर गेलं.

मग आम्ही उलटं करायचं ठरवलं. एक महिना काहीही विकत घ्यायचं नाही, पोरीला काय येतं तेवढंच बघायचं. आणि इथे आम्हाला खरा धक्का बसला. सहा वर्षं ४२ हजारांच्या आसपास फी भरलेल्या, ८५ टक्क्यांच्या प्रगतिपुस्तकाच्या आमच्या लेकीला एक द्वितीयांश मोठा की एक तृतीयांश, हे कळत नव्हतं. तीन दोनपेक्षा मोठे, म्हणून एक तृतीयांश मोठा. बाप दुसऱ्यांच्या पोरांना रोज चार बॅच गणित शिकवतो आणि घरात हे! त्या दिवशी आमच्यात भांडण झालं, त्याचा तपशील इथे नको. संध्याकाळी आजीने भाकरी केली आणि पोळपाटावरच अपूर्णांक सुरू झाले. दोघांत वाटली तर केवढी, तिघांत वाटली तर केवढी. आजीला अपूर्णांक हा शब्द माहीत नव्हता, पण पाच भावंडांत भाकरी कशी वाटायची याचा तिचा अभ्यास पक्का होता. आठ दिवस अपूर्णांक भाकरीवर, मग कागदाच्या घड्यांवर, मग वहीत.

त्यातून एक गोष्ट पक्की कळली. मूल कुठे अडलं आहे ते माहीत नसताना घेतलेला अभ्यासक्रम म्हणजे तपासणी न करता घेतलेलं औषध. हे वाक्य आमच्यातल्या एएनएमचं. तिला जंताच्या गोळ्या आठवत होत्या.

पुस्तकांसाठी आम्ही शेवटी बालभारतीवर आलो. बालभारतीची सगळ्या इयत्तांची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात फुकट मिळतात, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही. आम्हाला छापील हवी होती, कारण मोबाईल हातात दिला की विज्ञानातून मुलगी कुठे जाते ते सांगता येत नाही. शेजारच्या ताईंचा मुलगा सातवीत गेला होता, त्याचा सहावीचा संच १६० रुपयांत मिळाला. चार भागांत विभागलेली आणि धड्यामागे वहीची कोरी पानं जोडलेली ती पुस्तकं. त्या कोऱ्या पानांवर त्या मुलाने लिहिलेलं होतं. काही ठिकाणी उत्तरं, काही ठिकाणी विराट कोहलीची सही. लेकीने त्याची उत्तरं तपासून लाल पेनाने चुका काढल्या. आम्ही आखलेल्या कोणत्याही पाठापेक्षा तिला हे जास्त आवडलं.

विज्ञानाचं पुस्तक आम्ही दोन्ही भाषांत शेजारी शेजारी ठेवलं. आधी मराठीत वाचायचं, कळलं की इंग्रजीत, मग बंद करून इंग्रजीतलं मराठीत सांगायचं. बाष्पीभवन म्हणजे काय हे तिला 'इव्हॅपोरेशन' पाठ असूनही माहीत नव्हतं, वाळत घातलेल्या कपड्यांशी त्याचा संबंध आहे हे तर नाहीच. तर्खडकरांचीच ही जुनी रीत, खर्च शून्य. इंग्रजी बोलण्यासाठी मात्र वस्तीतल्या बीएच्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलीला महिन्याला ५०० देऊन आठवड्यातून दोन तास बोलावलं. ते पैसे आम्ही आनंदाने दिले, कारण ते वस्तीतच राहिले.

गणितासाठी एनसीईआरटीचं सहावीचं 'गणित प्रकाश' उतरवलं, तेही फुकट, आणि लागतील तेवढीच प्रकरणं झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतली. प्रयोगांसाठी अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून करायची खेळणी आहेत. काडेपेट्या, सायकलची व्हॉल्व्हची नळी, जुनी स्ट्रॉ. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक संगणकावर वाचायला ठेवलेले आहेत. आम्ही लहानपणी सवर्ण मित्राच्या घरी दारात उभं राहून जे मासिक बघितलं होतं, ते लेकीने पाय पसरून वाचलं. हे सगळं सार्वजनिक पैशातून आणि चांगल्या माणसांच्या कष्टातून उभं राहिलेलं आहे आणि त्याची जाहिरात करायला कुणाचा प्रतिनिधी घरी येत नाही. म्हणून ते हलकं वाटतं. फुकटचं ते कमअस्सल, हा संस्कार बाजाराने आपल्यावर केलेला आहे, आणि जातीने त्याला खतपाणी घातलं आहे. आयुष्यभर उतरन वापरलेल्या माणसाला नव्याची ओढ असणारच. पण पुस्तक हे उतरन नसतं.

जे कोणत्याच अभ्यासक्रमात नव्हतं, ते दीक्षाभूमीवर मिळालं. शाळा सुटली त्याच आठवड्यात अशोक विजयादशमी होती. तिथले पुस्तकांचे स्टॉल तुम्हाला माहीत आहेत. गावाहून डोक्यावर गाठोडं घेऊन आलेली बाई परतीच्या भाड्याचे पैसे बाजूला काढून उरलेल्यांत पुस्तक घेते, हे दृश्य जगात दुसरीकडे कुठे असेल? आम्ही ७३० रुपयांची पुस्तकं घेतली. मुक्ता साळवेचा निबंध लेकीने आधी वाचला, कारण ती जवळपास तिच्याच वयाची. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतली एक मांग मुलगी असं लिहू शकते, हे तिला खरंच वाटेना. मग 'वेटिंग फॉर अ व्हिसा'चा मराठी अनुवाद.

बाबासाहेबांचं हे लेखन छोटं आहे, त्यातला पहिला प्रसंग लहानपणच्या प्रवासाचा आहे. साल १९०१ च्या आसपासचं. वडील गोरेगावला नोकरीला, मुलं साताऱ्याहून पाडळी स्टेशनवर जाऊन गाडीत बसतात आणि मसूरला उतरतात. न्यायला कुणीच आलेलं नसतं. पोरं महार आहेत म्हटल्यावर बैलगाडीवाले न्यायला तयार होत नाहीत. शेवटी एक गाडीवान दुप्पट भाड्यावर तयार होतो, पण तो गाडीत बसणार नाही. गाडी पोरांनी हाकायची, तो बाजूने पायी चालणार.

लेकीने पुस्तक खाली ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे पैसे पण दुप्पट घेतले आणि काम पण यांच्याकडूनच करून घेतलं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. सहा वर्षं आम्ही दुसरं काय करत होतो? ऐपतीच्या बाहेरची फी भरायची, ती अपमान टळावा म्हणून, आणि वर शिकवायचं घरी आपणच, कारण तिथे अपूर्णांकही शिकवला नाही. दुप्पट भाडं देऊन गाडी आम्हीच हाकत होतो. आणि टॅब्लेटवाला आला तेव्हा तिप्पट द्यायला निघालो होतो. त्या आठवड्याचा भूगोल, गणित, भाषा सगळं त्या प्रवासातून झालं. नकाशावर पाडळी आणि मसूर शोधलं, अंतर मोजलं.

इथवर वाचून वाटेल की घरची शाळा फारच छान आणि स्वस्त चालली होती. म्हणून हिशोबही मांडतो. सहावीचा संच १६०, झेरॉक्स २९०, वह्या आणि कंपास ४८०, ग्रंथालयाची अनामत आणि सात महिन्यांची वर्गणी ३४०, नेटचा जादा पॅक १,५००, दीक्षाभूमीची पुस्तकं ७३०, सीताबर्डीहून जुना शब्दकोश १५०, इंग्रजीची ताई ३,५००. एकूण ७,१५०. त्यात ती डॉलरची वर्कबुकं धरली तर ९,५५०. एवढंच सांगून आम्ही लेख संपवला असता तर तो खोटा ठरला असता. कारण लेकीला शिकवायला घरी कुणीतरी हवं, म्हणून गणितवाल्याने सकाळची बॅच सोडली. महिन्याला चार हजार गेले, सात महिन्यांचे २८ हजार. आता बेरीज ३७,५५० होते. त्या शाळेची वर्षाची फी ४२ हजार होती. घरच्या शिक्षणात पुस्तकं स्वस्तात मिळतात, महाग असतो तो आईबापाचा वेळ. ज्या घरात दोघंही रोजंदारीवर जातात तिथे हा वेळ येणार कुठून? पुण्या-बंगळुरात मुलांना घरी शिकवणाऱ्या उच्चवर्णीय जोडप्यांचे व्हिडिओ आम्ही बघितले. चांगली माणसं आहेत, मुलांवर जीव आहे. पण त्यांच्या घरात चार पिढ्यांची पुस्तकं आहेत, ओळखी आहेत, आणि कागद नसला तरी आडनाव आहे.

कागदावरून आमचे डोळे उघडले ते असे. आम्ही पुढची वाट काढत होतो. शाळेत न जाता दहावी करायची तर दोन रस्ते आहेत. एक राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म. दुसरा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, तिथे चौदा वर्षं पूर्ण झाली की माध्यमिकला नाव नोंदवता येतं, माध्यम मराठीही घेता येतं, पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. रस्ते चांगले आहेत, ज्याची शाळा खरोखर सुटली आहे त्याने जरूर घ्यावेत. पण मार्चमध्ये एका पुतण्याच्या व्हॅलिडिटीसाठी कागद काढायची वेळ आली. तुम्हाला माहीत आहे, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आमच्याकडे तो एकच आहे, आजोबांच्या गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. आजोबा चौथीपर्यंतच शिकले. वर्गाच्या बाहेर बसून शिकले. जमीन नाही, घराची नोंद नाही, सातबारा नाही. पण मास्तराने रजिस्टरात नाव, जात, जन्मतारीख लिहिली, आणि त्या एका ओळीवर आमच्या खानदानातल्या नऊ जणांची व्हॅलिडिटी उभी आहे.

बाबासाहेबांचंही तसंच. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला रजिस्टरात १९१४ क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' ही नोंद झाली. आपण तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. नोंद झाली तो दिवस! त्या वर्गात त्यांना काय वागणूक मिळाली ते सगळ्यांना माहीत आहे, तरी दिवस नोंदीचा पाळला जातो. आम्ही दर वर्षी भाषणात हे सांगत होतो आणि आमच्याच लेकीचं नाव कोणत्याही रजिस्टरात नव्हतं.

मग बाकीचंही दिसायला लागलं. मागासवर्गीय मुलींची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती शाळेतल्या मुलीलाच. आठवीतली एनएमएमएस परीक्षा, जिच्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात, ती सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांनाच. म्हणजे महागड्या खासगी शाळेत असतानाही ती आमच्यासाठी बंदच होती, हे आम्हाला माहीतच नव्हतं. चार वर्षांचे ४८ हजार! अभ्यासक्रम स्वस्तात कुठे मिळतो हे शोधताना आपण काय सोडून देतोय, हे आम्ही कुठेच लिहून काढलं नव्हतं.

या जूनच्या शेवटी, विदर्भात शाळा उघडल्या तेव्हा, लेक महानगरपालिकेच्या शाळेत सातवीत गेली. जुन्या शाळेने दाखला अडवला होता. कायद्याचं कलम ५ सांगतं की सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात बसवावं लागतं. मुख्याध्यापिका बाईंना कायदा दाखवावा लागला नाही. त्यांना पट हवाच होता. वर्गात २३ मुलं, त्यातली बहुतेक आपली, काही मुसलमान, काही छत्तीसगडहून आलेल्या मजुरांची. गणिताचे शिक्षक निवडणुकीच्या कामावर असतात तेव्हा वर्ग रिकामा असतो. पंखा एकच. आम्ही खोटं चित्र रंगवणार नाही. ज्या शाळेला आम्ही सहा वर्षं नाकं मुरडली, ती आमच्यासारख्यांनी पोरं काढून घेतल्यामुळेच एवढी रिकामी झाली, आणि वीसच्या खाली पट गेलेल्या शाळांचं काय करायचं याच्या चर्चा मंत्रालयात होतच असतात. ती बंद झाली तर छत्तीसगडच्या त्या मजुराच्या पोरीला घरी कोण शिकवणार? तिची आई की तिचा मुकादम?

काका परवा भेटले. "आलात ना शेवटी वळणावर?" म्हणाले. आम्ही म्हटलं, काका, आलो, पण तुम्ही म्हणालात म्हणून नाही. आणि ज्या शाळेत पोरीच्या पोटात रोज दुखतं तिथे तिला बसवूनच ठेवा, असं उद्या कुणी म्हणालं तर आम्ही पुन्हा काढू. दार उघडलं म्हणजे आत मार खात बसायचं, असं बाबासाहेबांनी कुठे सांगितलं आहे ते आम्हाला दाखवा. काका चिडले, मग चहा पाजला.

घरचा अभ्यास सुरूच आहे, संध्याकाळी सात ते साडेआठ. गणितवाल्याने सकाळची बॅच परत घेतली. लेकीसोबत आता तिच्या वर्गातल्या चार मुली येतात आणि शेजारच्या ताईंचा तो विराट कोहलीवालाही येतो. घरात जागा पुरेना म्हणून विहारात बसतो. सहावीचा संच, एनसीईआरटीच्या झेरॉक्स आणि दीक्षाभूमीची पुस्तकं तिथल्या कपाटात ठेवली आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी घेऊन जावीत, वहीत नाव लिहावं आणि परत आणून ठेवावीत. डॉलरची वर्कबुकंही आहेत, मागची कोरी बाजू कच्च्या कामाला बरी पडते. कपाटाची चावी आजीकडे असते. वहीत नावं तीच लिहून घेते. दुसरीतून सुटलेलं तिचं अक्षर आता जरा सरळ यायला लागलं आहे, आणि एखाद्याने पुस्तक वेळेवर आणलं नाही तर ती थेट त्याच्या घरी जाते.